माईच्या भांड्यांवरची नावे

2024 सालच्या माघात माझी आजी, माई, गेली. वर्षश्राद्धापर्यंत तिच्या आयुष्याची एक छोटी पुस्तिका छापून घरोघरी एकेक प्रत द्यावी, असे दिवसकार्याच्या वेळीच ठरले आणि घरात लिहिण्याची सवय असलेली म्हणून ते काम माझ्याकडे आले. जुने फोटो गोळा करायचे, दोन्ही आत्यांना आणि काकांना आठवणी विचारायच्या, त्या सालवार लावायच्या आणि छापखान्यात द्यायच्या, एवढीच माझी कल्पना होती. प्रत्यक्षात माईची जन्मसाल कोणती, या पहिल्याच वाक्याला गाडी अडली.

आधार कार्डावर तिची जन्मतारीख 1 जून 1932 अशी होती. ती शाळेच्या दाखल्यावरून आलेली होती आणि शाळेतली मास्तरांनी घातलेली होती. आपल्याकडे जुन्या पिढीतील निम्मी माणसे 1 जूनलाच जन्मलेली असतात, त्यामुळे तिच्यावर विसंबण्यात अर्थ नव्हता. माई स्वतः "मी सत्याग्रहाच्या वर्षाची" असे सांगत असे. पंचवटीत तिचे माहेर काळाराम मंदिरापासून हाकेच्या अंतरावर होते, आणि मंदिरप्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे झालेला सत्याग्रह हीच त्या आळीतील कालगणनेची मोठी खूण होती. अडचण अशी की तो सत्याग्रह 2 मार्च 1930 रोजी सुरू झाला आणि 1935 पर्यंत चालला. मग यातील माईचे वर्ष कोणते, हे सांगू शकणारे कोणीही उरलेले नव्हते.

रामकुंडावरील आमच्या उपाध्यांकडे वंशावळीच्या चोपड्या आहेत. आमचे मूळ घराणे सिन्नर तालुक्यातील असल्यामुळे गावाच्या नावाखाली आमची पाने निघाली, आणि माईच्या अस्थी घेऊन गेलो होतो तेव्हाच ती पाहून ठेवली होती म्हणून पुन्हा गेले. पणजोबांची सही आहे, त्यांच्या वडिलांचा मोडीतला मजकूर आहे, कोण कोणाचा मुलगा हे सात पिढ्यांपर्यंत नीट लागते. घरातील बायका मात्र त्यात नवऱ्याच्या नावामागे 'भार्या' म्हणून येतात आणि तेवढ्यावरच संपतात. माईचे नाव आजोबांच्या नोंदीत एकदाच आहे, तेही सासरचे. उपाध्यांचा यात दोष नाही, त्या चोपड्या ज्या कामासाठी आहेत ते काम त्या चोख करतात. पण त्र्याण्णव वर्षे जगलेल्या बाईचे चरित्र त्यावरून उभे राहणार नव्हते.

आत्यांशी बोलूनही सुरुवातीला फारसे हाती लागले नाही. "माई कशी होती?" असे विचारले की "फार प्रेमळ", "फार कष्टाळू", "कधी कोणाला उलटून बोलली नाही" अशी उत्तरे येत. ती खोटी नव्हती, पण कोणत्याही घरातील कोणत्याही आजीला लागू पडतील अशी होती. (शेवटचे तर सपशेल चूक होते. माई काकांना चांगली उलटून बोलत असे आणि ते ऐकायला आम्हाला आवडत असे.)

याच सुमारास तांबट लेनमधील जुना वाडा रिकामा करायचा ठरला आणि माळ्यावरची भांडी खाली आली. आजोबा भांडी बाजारातील एका दुकानात दिवाणजी होते, त्यामुळे आमच्या घरी तांब्यापितळेला कधीच तोटा नव्हता. हंडे, कळश्या, घंगाळ, तपेली, सतेली, पराती, डबे, ताम्हने, समया, कासांड्या असे सगळे मिळून दीडशेच्या आसपास नग निघाले. काकांनी ते मोडीत काढायचे ठरवले होते आणि व्यवहार म्हणून त्यांचे बरोबरच होते, कारण घंगाळ ठेवायला फ्लॅटमध्ये जागा कोणाकडे आहे? एक कळशी बाजूला सरकवताना मला तिच्या गळ्याखाली टिंबाटिंबांची अक्षरे दिसली. भांड्यावर नाव घालण्याची पद्धत मला काय नवी होती! पण ती अक्षरे मी आयुष्यात पहिल्यांदा वाचली, आणि मोडवाल्याला थोडे थांबवा, असे काकांना सांगितले.

वाचायला बसल्यावर कळले की हे काम दिसते तितके सरळ नाही. जुन्या काळी नाव घालणारा कारागीर छिन्नीच्या टोकाने आणि छोट्या हातोडीने एकेक टिंब ठोकत अक्षर काढीत असे. ती टिंबे वर्षानुवर्षांच्या राखेने आणि चिंचेने घासून उथळ होतात, बुडाशी असली तर काजळी धरतात आणि आतल्या अंगाला असली तर कल्हईखाली बुजतात. सुरुवातीला मी भांडी लख्ख घासून घेत होते, पण चकाकीमुळे अक्षरे उलट आणखी दिसेनाशी होत. मग पद्धत बसली ती अशी: भांडे चिंच-मिठाने जेमतेम स्वच्छ करायचे, कोरडे करायचे, त्यावर खडूची पूड बोटाने चोळायची आणि वरवरची पूड फडक्याने पुसून टाकायची. टिंबांमध्ये पांढरी पूड अडकून राहते. तरीही अक्षर लागले नाही तर खोलीत अंधार करून बॅटरीचा उजेड पृष्ठभागाला अगदी लागून, आडवा टाकायचा, म्हणजे प्रत्येक टिंबाची सावली पडते आणि पुसून गेलेले वाटणारे नावही उठून दिसते. काठाच्या वळणावरच्या ओळीसाठी पातळ कागद दाबून धरून त्यावर पेन्सिल फिरवणे हा उपाय सर्वांत चांगला. प्रत्येक भांड्याला चिठ्ठी, फोटो आणि वहीत एक ओळ, असे काम सुरू झाले.

जन्मसालीचा प्रश्न एका वाटीने सोडवला. खोलगट, चांगल्या जाडीची पितळी वाटी होती आणि तिच्या बुडाशी माईचे माहेरचे नाव, "हिचे बारशास आत्याकडून" आणि "शके 1852 आषाढ" एवढा मजकूर होता. शकाचे इसवी साल काढताना गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत 78 आणि जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत 79 मिळवायचे असतात. आषाढ असल्याने 78 मिळवले आणि 1930 आले. म्हणजे माई सत्याग्रहाच्या पहिल्याच वर्षीची, आणि सरकारी कागदांपेक्षा दोन वर्षांनी मोठी. हे कळल्यावर धाकटी आत्या पहिल्यांदा हसली आणि म्हणाली, "म्हणजे पंच्याहत्तरी आपण दोन वर्षं उशिरा केली! आणि ती गप्प बसून ओवाळून घेत होती."

लग्नाची भांडी ओळखणे सोपे होते, कारण त्यांवर 'चि. सौ. कां.' होते आणि 'वैशाख शके 1869' होते, म्हणजे 1947 चा उन्हाळा. मामाकडून हंडा, मावशीकडून परात, शेजारच्या वाड्यातील मंडळींकडून मिळून एक घंगाळ. या देणाऱ्यांची यादी करताना माईच्या माहेरचा सगळा गोतावळा कागदावर आला आणि त्यातील काहींची नावे तर आत्यांनीही कधी ऐकलेली नव्हती. एका ताम्हनाने मात्र बरेच दमवले. त्यावर आजोबांचे नाव, "जावईबापूंस" आणि "अधिक श्रावण" एवढेच होते, साल नव्हते. धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारशांचे वाण देतात ते हे, इतके उघड होते. अधिक मास साधारण तीन वर्षांनी येतो, पण अमुक एक महिना पुन्हा अधिक येण्याला बहुधा आठ, अकरा किंवा एकोणीस वर्षे लागतात. जुनी पंचांगे चाळल्यावर अधिक श्रावण 1947, 1958, 1966, 1977, 1985, 2004 आणि 2023 मध्ये आल्याचे दिसले. माईचे वडील 1961 मध्ये वारले होते, म्हणजे 1947 आणि 1958 असे दोनच उरले, आणि त्यांत लग्नानंतर तीनच महिन्यांनी आलेला 1947 चा अधिक श्रावण जास्त संभवनीय वाटला. त्याच महिन्याच्या अखेरीस, 15 ऑगस्टला, देश स्वतंत्र झाला. हे मोठ्या आत्याला सांगितले तेव्हा तिला एकदम आठवले की स्वातंत्र्याच्या दिवशी आपण माहेरी होतो आणि धोंड्याच्या जेवणासाठी आलेले जावई जेवण टाकून मिरवणूक बघायला गेले म्हणून वडील रागावले होते, असे माई सांगायची. आत्याने ही गोष्ट लहानपणी ऐकलेली होती, पण ताम्हन समोर येईपर्यंत तिला ती सांगावीशी वाटली नव्हती.

त्यानंतर मी प्रश्न विचारणेच सोडून दिले. आत्यांकडे जाताना दोन-तीन भांडी पिशवीत घालून न्यायची, त्यांच्या हातात द्यायची आणि गप्प बसायचे. मोठी आत्या भांडे उलटे करून आधी बूड बघते, मग वजन तोलते आणि मग बोलायला लागते. एका साध्या कासांडीवरून मला पहाटे चार वाजता उठून माई काय काय करीत असे याचे असे वर्णन मिळाले की ते जवळजवळ जसेच्या तसे पुस्तिकेत घातले आहे.

मोठी तपेली सिंहस्थाची निघाली. एकावर "सिंहस्थ 1956" असे स्वच्छ लिहिलेले आहे, दुसऱ्यावर 1968. नाशिकमध्ये घर असणाऱ्याला सिंहस्थ म्हणजे काय हे निराळे सांगायला नको: दूरदूरचे नातेवाईक, त्यांचे नातेवाईक आणि त्यांच्या गावचे लोक पर्वणीला वाड्यात उतरत आणि त्यांच्या जेवणाचे घरच्या बायका बघत. आत्यांच्या सांगण्याप्रमाणे 1956 च्या पर्वणीला माई स्वतः रामकुंडावर गेलीच नाही, कारण सकाळपासून चुलीवरचे तपेले उतरत नव्हते. 1980 च्या सिंहस्थाचे भांडे नाही. त्या वेळेपर्यंत मोठी भांडी भाड्याने मिळू लागली होती आणि माईने, मला वाटते, पुरेसे पुण्य साठवले होते.

वहीत या नोंदी सालवार लावल्यावर एक गोष्ट दिसली, जी घरात कोणीच कधी बोलून दाखवली नव्हती. 1947 पासून पुढे प्रत्येक भांड्यावर एक तर देणाऱ्याचे नाव आहे, नाही तर आजोबांचे. माईने घरखर्चातून वाचवून घेतलेल्या डब्यांवरही आजोबांचेच नाव आहे, आणि ते त्या काळाला धरूनच होते. 1967 पासून मात्र काही भांड्यांवर फक्त माईचे नाव येते, 'सौ.' नाही, आडनाव नाही, फक्त नाव आणि साल. ही सगळी भांडी एकाच जातीची आहेत: पितळी डबे, कल्हई केलेली सतेली, एक मोठी परात. डब्यांच्या झाकणांवर नावाशेजारी एक, दोन, तीन असे आकडे आहेत.

हे आकडे कसले, ते काकांकडून कळले. आजोबांना 1966 च्या सुमारास अर्धांगाचा झटका आला आणि दुकानातील काम सुटले. तेव्हा ओझरचा विमानांचा कारखाना सुरू होऊन दोन-तीन वर्षे झाली होती, सातपूरची औद्योगिक वसाहत वाढत होती आणि बाहेरगावची एकटी पोरे गावात खोल्या घेऊन राहात होती. माईने त्यांना डबे द्यायला सुरुवात केली. काका तेव्हा शाळेत होते आणि सायकलवरून डबे पोचवीत असत, आणि इतकी वर्षे ते ही गोष्ट "माझे कष्टाचे दिवस" म्हणून सांगत आले. डबे कोणी भरले, हिशेब कोणी ठेवला आणि भांडी कोणाच्या पैशाने आली, हे त्या गोष्टीत कधी येत नसे. आजोबा 1978 पर्यंत अंथरुणाला खिळून होते. त्यांचे औषधपाणी, काकांचे शिक्षण आणि दोन्ही आत्यांची लग्ने त्या डब्यांवर झाली. नाव घालणारा कारागीर आजोबांच्याच दुकानाच्या ओळीत बसत असे आणि तो आजोबांना ओळखत होता. त्याने हौसेने 'सौ.' आणि आडनाव घालू का असे विचारलेच असेल. तिने नको म्हटले असणार, याखेरीज दुसरे काही माझ्या डोक्यात येत नाही.

या प्रकरणावर घरात थोडी कुरबूर झाली. माईने पैसे मिळवले हे छापण्याला हरकत नव्हती, पण 'खानावळ' हा शब्द काकांना नको होता. शेवटी "जेवणाचे डबे देण्याचा व्यवसाय" असे छापले आहे. मला ते जडच वाटते.

सप्टेंबर 1969 च्या महापुराचा पुरावाही भांड्यांतच मिळाला. नाशिककर गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आले यावर मोजतात, आणि त्या वर्षी पाणी सराफ बाजार आणि भांडी बाजारात शिरले, त्याच्या आठवणी आजही जुन्या घरांत निघतात. आमचा वाडा थोडा उंचावर असल्याने बचावला, तरी तळघरात पाणी भरले. पाणी ओसरल्यावर गल्लीगल्लीत गाळात भांडी रुतलेली होती आणि ती कोणाची ते नावावरूनच कळत होते. माईने दोन दिवस दारात बसून सापडलेली भांडी धुतली आणि नावे वाचून मुलांबरोबर घरोघर पाठवली. आमची दोन पातेली अशीच पार पंचवटीतून परत आली, त्यांतील एकाच्या काठाला पडलेला पोचा अजून आहे. आणि एक तांब्या कोणाचाच नाही असा राहिला. त्यावरचे आडनाव आळीत कोणाचे नव्हते आणि गावाचे नाव निम्मे झिजलेले होते. माईने तो कधी वापरात घेतला नाही आणि मोडीतही घातला नाही. "लोकाचा आहे," एवढेच ती म्हणे. त्याचा मजकूर पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर जसा वाचता आला तसा दिला आहे.

1972 च्या आसपास एक खळगा आहे. लग्नात आलेले घंगाळ आणि मामाचा हंडा यादीत आहेत असे मी वर म्हटले, पण ते दोन्ही आत्ताच्या ढिगात नव्हते. त्यांची नोंद माईच्या माहेरच्या आहेराच्या यादीतून मिळाली आणि ती यादी एका डब्याच्या तळाशी कागदाच्या घडीत होती. दुष्काळाच्या त्या वर्षी धान्य महाग झाले होते आणि डब्यांचे दर वाढवता येत नव्हते. भांडी तेव्हा विकली गेली असावीत, असा माझा तर्क आहे. दोन्ही आत्यांना याविषयी काही ठाऊक नाही, निदान त्या तसे म्हणतात.

पुढचा काळ स्टीलचा आहे आणि तो मी दोन पानांत उरकला. यंत्राने रेघ ओढून घातलेली नावे वाचायला सोपी असतात, पण संक्रांतीचे वाण म्हणून लुटलेल्या शेकडा सव्वाशे वाट्यांतून निघण्यासारखे फारसे काही नव्हते. फक्त 2023 च्या अधिक श्रावणात नातजावयासाठी तिने हट्टाने पितळेचेच ताम्हन आणायला लावले आणि त्यावर महिना आणि साल दोन्ही घालून घेतले. साल घालायचे तिने कारागिराला दोनदा बजावले होते, असे आणायला गेलेली माझी चुलत बहीण सांगते.

पुस्तिका वर्षश्राद्धाला वेळेवर तयार झाली. चाळीस पानांची आहे, फोटो थोडे आणि भांड्यांच्या बुडांची चित्रे बरीच आहेत, ज्याबद्दल काहींनी नाराजी व्यक्त केली. भांडी मोडीत गेली नाहीत असे नाही. फुटकी आणि बिननावाची गेली, बाकीची ज्याच्या घरून आली होती त्याच्या वारसाला आधी विचारायचे, या नियमाने वाटली. नियम मीच सुचवला होता आणि त्यावर पहिली अडचण मोठ्या हंड्याची आली. हा तांब्याचा, मोठ्या पोटाचा, चांगला सोळा-सतरा किलोचा हंडा देवघराशेजारी कायम पाण्याने भरलेला असे आणि तो माईने मलाच द्यायचा म्हटले होते, असे दोन्ही आत्या गेली वीस वर्षे एकमेकींना ऐकवीत आल्या होत्या. भरलेला हंडा कोणी उलटा करीत नाही, म्हणून त्याचे बूड कोणी पाहिलेले नव्हते. मी खडू चोळला. बुडाशी आजोबांच्या चुलतभावाचे नाव होते, त्याखाली साल 1951 आणि "उसना" असा शब्द होता. चुलत घर आता गंगापूर रोडला राहते. आम्ही हंडा नेऊन पोचवला तेव्हा तिथल्या काकूंना काहीच माहीत नव्हते, पण त्यांनी तो आनंदाने ठेवून घेतला आणि सध्या त्यात बाल्कनीतले मनीप्लांट लावले आहे. दोन्ही आत्यांचा त्यांच्याशी अबोला आहे आणि एकमेकींशी मात्र कधी नव्हे इतके जमते आहे.